मंडळाच्या दाराशी

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून बारावी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात दाखल होणारा विद्यार्थी, मग तो वालधुनीच्या काठाने अंबरनाथच्या शिवमंदिराकडे सरकत गेलेल्या वस्तीतला मराठी मुलगा असो, जीन्सच्या कारखान्यात शिलाई मारणाऱ्या उत्तर भारतीय कारागिराचा मुलगा असो, की ज्याच्या आजोबांचे बालपण लष्करी बराकीत गेले असा सिंधी घरातला नातू असो, पावसाळ्याच्या आरंभी रुळांच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येऊन कॅम्प तीनमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गात जेव्हा प्रथम पाऊल ठेवतो, तेव्हा त्याला नाव विचारण्याच्याही आधी ‘कुठला कॅम्प?’ हा प्रश्न विचारला जातो. आणि ‘पाच नंबर’ एवढे उत्तर देताच बाकावरचा कोणी तरी सरकून त्याला जागा करून देतो, कारण तोही पाच नंबरचाच असतो. शाळेत ज्यांच्या संगतीने वाढलो ती मुले पांगलेली, प्राध्यापक अपरिचित, शिकवण्याची भाषा बहुधा इंग्रजी आणि वर्ग तुडुंब भरलेला, अशा स्थितीत सतरा-अठरा वर्षांच्या मनाला सर्वांत अधिक निकड भासते ती आपल्याला ओळखणाऱ्या चार माणसांची. फी किती, ग्रंथालय कोठे, परीक्षा केव्हा, हे सारे माहितीपत्रकात छापलेले असते. ही चार माणसे कोठे भेटतील एवढेच त्यात नसते.

त्यांचा शोध घेण्यास फार दूर जावे लागत नाही, कारण बहुतेक वेळा तीच नवागताला शोधत येतात. सूचनाफलकावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या नोंदणीचा कागद लागतो, छात्रसेनेची निवड जाहीर होते, सांस्कृतिक मंडळाला एकांकिकेसाठी मुले हवी असतात. इकडे वस्तीत गोविंदा पथकाचे थर लावण्याचा सराव चालू झालेला असतो, ढोल-ताशा पथकात नावे घेतली जात असतात, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीची पुस्तके छापून आलेली असतात. एखाद्या पक्षाच्या विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता दाखल्यांचे अडलेले काम करून देतो आणि आपला नंबर देऊन जातो. आणि ज्याला कल्याण-ठाण्याच्या बाजूच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला असेल त्याला ठरावीक लोकलच्या ठरावीक डब्यातला एक ग्रुप महिन्याभरात आपला म्हणू लागतो. यांपैकी प्रत्येकाचे दार उघडेच असते, आणि प्रत्येक दाराशी काही ना काही मागितले जाते: कोठे वेळ, कोठे पैसा, कोठे श्रम, कोठे निष्ठा, आणि क्वचित स्वाभिमानही. दाराशी जे मागितले जाते त्याचा आत चालणाऱ्या कार्याशी संबंध काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. कारण कोणत्याही मंडळाची पारख त्याच्या छापील ध्येयधोरणांपेक्षा प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या या मागणीवरून अधिक खात्रीने करता येते, असे माझे मत आहे.

परक्यांनी एकत्र येऊन आपले म्हणावे, ही गोष्ट या गावाला तरी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची जी तात्पुरती छावणी उभारली गेली, तिच्या ओस पडलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे वसवण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या छावणीचे उल्हासनगर झाले. बहुतेक बराकींची रचना मध्ये एक प्रशस्त दालन आणि दोन्ही टोकांस खोल्या अशी होती. सैनिकांसाठी बांधलेल्या त्या दालनांत आडोशाला कापड अथवा गोणपाट लावून अनेक बिऱ्हाडे शेजारी शेजारी राहिली, आणि ज्यांची गावे, जाती, पंचायती निरनिराळ्या होत्या अशा लोकांना एका नळाच्या रांगेत उभे राहून शेजारधर्म नव्याने बांधावा लागला. येथील महाविद्यालयेही याच पुनर्वसनातून निघाली. सिंधमधल्या हैदराबादेत शिक्षणसंस्था चालवणाऱ्या मंडळींनी मुंबईत आल्यावर १९४९ मध्ये हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड स्थापन केले, आणि त्याच बोर्डाचे चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय १९६५ मध्ये उल्हासनगर स्थानकाजवळ सुरू झाले. त्याच्या चार वर्षे आधी, १९६१ मध्ये, सेवासदनचे तलरेजा महाविद्यालय निघाले होते. कॅम्प पाचमधल्या कित्येक घरांतून पदवीधर झालेला पहिला माणूस या दोहोंपैकी एका इमारतीतून बाहेर पडलेला आहे.

नवा विद्यार्थी ज्या आठवड्यांत मंडळे धुंडाळीत असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत कॅम्प पाचमधल्या चालिया मंदिरात सिंधी समाजाचे चाळीस दिवसांचे झुलेलालाचे व्रत चालू असते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत व्रतस्थ माणूस मद्यमांस वर्ज्य करतो, केस कापीत नाही, जमिनीवर निजतो, आणि मुदत संपली की मटकी घेऊन विसर्जनाला जातो. हे व्रत त्याच्यावर कोणी लादलेले नसते; त्यात कष्ट आहेत, परंतु ते स्वतः पत्करलेले आहेत, त्यांची मुदत आगाऊ ठाऊक आहे, आणि ते पाहून हसणारा कोणी समोर बसलेला नसतो. एखाद्या समूहात शिरण्यासाठी किंवा त्यात राहण्यासाठी माणसाने कष्ट सोसावेत ही कल्पना स्वतः वाईट नाही, हे पुढील विवेचनापूर्वी ध्यानी घ्यावे म्हणून हे उदाहरण दिले.

महाविद्यालयीन बंधुमंडळांचा सर्वांत मोठा पसारा अमेरिकेत आहे, आणि पदवीच्या पहिल्याच वर्षासाठी मुलाला तिकडे धाडणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या वाढत असल्यामुळे त्याची माहिती करून घेणे आता केवळ कुतूहलाचा विषय उरलेला नाही. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या पाच विद्यार्थ्यांनी ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे त्यांच्या देशाने स्वातंत्र्य जाहीर केले त्यानंतर पाचच महिन्यांनी, फाय बीटा कॅपा नावाची एक गुप्त संस्था काढली. तिला शपथ होती, ओळखीचे गुप्त हस्तांदोलन होते, तीन ग्रीक अक्षरांचे पदक होते. पण बंद दाराआड चालत असे ते वादविवाद आणि निबंधवाचन, कारण अध्यापकांच्या देखरेखीत ज्या विषयांवर मोकळेपणाने बोलण्यास मुभा नव्हती त्यांवर तरुणांना बोलावयाचे होते. पुढे ही संस्था गुप्तता टाकून विद्वत्तेचा सन्मान करणारी संस्था बनली. तिचे बाह्य रूप मात्र १८२५ ते १८२७ या काळात न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात निघालेल्या तीन मंडळांनी उचलले, आणि तेथून ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी फ्रॅटर्निटी देशभर पसरली. कालांतराने या मंडळांची स्वतःची घरे झाली, त्यांत राहणे-जेवणे आले, माजी सभासदांच्या देणग्या आल्या, नोकरीच्या शिफारशी आल्या, आणि निबंधवाचन मागे पडले.

तेथे प्रवेशाची रीत ठरीव आहे. सत्राच्या आरंभी एक-दोन आठवडे नवे विद्यार्थी घरोघर जाऊन भेटी देतात. ज्याला पसंत करावयाचे त्याला मंडळ रीतसर आमंत्रण देते. ते स्वीकारले की काही आठवड्यांची उमेदवारी सुरू होते, आणि ती पार पडली म्हणजे गुप्त विधीने दीक्षा. वर्गणी भरावी लागते, आणि ती आपल्याकडील मध्यमवर्गीय पालकाने दचकावे इतकी असू शकते. खरा धोका उमेदवारीच्या काळात आहे. मंडळाचा इतिहास पाठ करणे, समाजसेवेचे तास भरणे, येथपर्यंत कोणाचीच हरकत नसावी. परंतु जागरण घडवणे, अपमान करणे, मारहाण, आणि विशेषतः थोड्या वेळात पुष्कळ मद्य पिण्यास भाग पाडणे, हे प्रकार अनेक ठिकाणी रुजले, आणि त्यांत नवागतांचे जीव गेले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील मध्यवर्ती सरकारने या छळाविरुद्ध एक कायदा मंजूर केला, त्यानुसार महाविद्यालयांनी आपल्याकडे घडलेल्या अशा प्रकारांची नोंद ठेवून ती जाहीर करावयाची आहे. तेव्हा मुलाने एखाद्या मंडळाचे नाव फोनवर सांगितले, तर त्या महाविद्यालयाचे हे जाहीर अहवाल वाचणे पुण्या-ठाण्यात बसलेल्या आईवडिलांनाही शक्य झाले आहे. भारतीय वंशाच्या मुलांनीही तेथे स्वतःची मंडळे काढली आहेत: ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात १९९८ मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९९९ मध्ये बीटा काय थीटा. परक्या देशात वरणभाताची आणि दिवाळीची आठवण ज्यांना एकाच दिवशी होते अशा मुलांनी एकत्र यावे हे स्वाभाविकच आहे. परंतु सभासद आपल्या रंगाचे आहेत एवढ्यावरून दाराशी होणारी मागणी सौम्य असेल असे मानू नये.

येथे एक शंका उपस्थित होते. ज्या मंडळाने आपला अपमान केला, त्यालाच माणूस पुढे जन्मभर आपले का म्हणतो? एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या शंकेवर मोठा प्रकाश टाकतो. एका चर्चामंडळात सामील होऊ इच्छिणाऱ्या ६३ विद्यार्थिनींचे त्यांनी तीन गट केले. एका गटाला प्रवेशासाठी एका पुरुष परीक्षकासमोर अश्लील शब्द आणि उतारे मोठ्याने वाचावे लागले, दुसऱ्याला साधेच काही शब्द वाचावे लागले, तिसऱ्याला काहीच करावे लागले नाही. नंतर सर्वांना त्या मंडळाची म्हणून जी चर्चा ऐकवण्यात आली, ती बुद्ध्याच अत्यंत नीरस, रटाळ अशी तयार केलेली होती. ज्यांना सर्वांत अधिक संकोच सोसावा लागला, त्याच मुलींनी ती चर्चा सर्वांत रोचक ठरवली. आपण इतके सोसले ते व्यर्थ होते हे स्वतःशी कबूल करणे माणसाला जड जाते, म्हणून तो ज्यासाठी सोसले त्याची किंमत मनात वाढवतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मंडळातल्या जुन्या मुलांनी ‘आम्हीही हे सोसले, आणि बघ, आज आम्ही सख्ख्या भावांसारखे आहोत’ असे सांगितले, तर ते खोटे बोलत नसतात. परंतु त्यांच्या साक्षीवरून मंडळ चांगले असल्याचा पुरावाही मिळत नाही, कारण छळाने नेमकी हीच साक्ष निर्माण होते.

आता आपल्या इलाख्याकडे वळू. मुंबईत विद्यापीठ निघाले १८५७ मध्ये, आणि त्याच्याही आठ-नऊ वर्षे आधी येथील विद्यार्थ्यांची दोन प्रकारची मंडळे जन्मास आली, त्यांची कहाणी शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे जे कळते ते अमेरिकेच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासातूनही इतके स्वच्छ कळत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी, प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकत होते. सभासदाने निबंध लिहून सभेपुढे वाचावयाचा आणि इतरांनी त्यावर बोलावयाचे, ही त्या संस्थेची मुख्य रीत. लवकरच मराठी आणि गुजराती अशा तिच्या दोन ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या, आणि मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्येच प्रसिद्ध झालेले होते. १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि पगारी शिक्षक ठेवण्यास पैसा नव्हता म्हणून आपले नित्याचे काम सुरू होण्यापूर्वी सकाळी स्वतःच जाऊन तेथे शिकवू लागले. त्या काळी मुलगी शाळेत धाडणे म्हणजे जातीचा रोष ओढवून घेणे होते. तरीही जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांनी त्यांना पाठबळ दिले. आज गिरगावात उभी असलेली कमळाबाई मुलींची शाळा ही याच सोसायटीची.

दुसरे मंडळ परमहंस सभा. तिच्या उभारणीतही हेच दादोबा अग्रभागी होते. सुरतेस असताना १८४४ मध्ये मानवधर्म सभेच्या स्थापनेत त्यांचा हात होता, आणि मुंबईत आल्यावर १८४९ च्या सुमारास राम बाळकृष्ण जयकर यांच्या अध्यक्षतेखाली ही गुप्त सभा सुरू झाली. तिचे ध्येय जातिभेदाचा त्याग हे होते. दीक्षेच्या वेळी नव्या सभासदाने जातिभेद पाळणार नाही अशी प्रतिज्ञा करावयाची, आणि ती केवळ तोंडाची न राहावी म्हणून ख्रिस्ती भटारखान्यात भाजलेल्या पावाचा तुकडा खावयाचा, परधर्मीयाच्या हातचे पाणी प्यावयाचे. आजच्या वाचकाला, ज्याच्या गल्लीच्या तोंडाशी वडापावची गाडी उभी असते, त्या तुकड्याचे वजन सहजी कळणार नाही. त्या काळी तो घास बाहेर फुटला असता तर घरचे पंगतीला घेणार नाहीत, बहिणीचे लग्न मोडेल, मेल्यावर खांदा द्यायला चार जण मिळणार नाहीत, अशी त्याची व्याप्ती होती. पण हा घास आणि अमेरिकन मंडळातला मद्याचा घोट यांत एक मूलभूत भेद आहे: परमहंस सभेच्या दाराशी जे करावे लागे तेच तिचे आतले कार्य होते. दीक्षा घेणाऱ्याला वाकवून कोणाची करमणूक होत नव्हती. ज्या भिंतीविरुद्ध ही माणसे एकत्र आली होती, तिचीच पहिली वीट त्याच्या हातून काढली जात होती, आणि आधी आत गेलेल्या प्रत्येकाने तेच केलेले होते.

तरीही ही सभा टिकली नाही. सभासदांची संख्या हजारावर गेली म्हणजे सर्वांनी एकदम प्रकट व्हावयाचे, तोवर गुप्तता पाळावयाची, असा त्यांचा संकल्प होता. परंतु गुप्ततेच्या आश्रयाने वाढलेले धैर्य उजेडात उभे राहण्याच्या उपयोगी पडले नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीस जाऊन बाहेर फुटली, आणि बहिष्काराच्या भयाने मंडळी पांगली. विद्यार्थिदशेत या सभेत गेलेल्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी जो प्रार्थना समाज निघाला त्यात भांडारकर पुढे प्रमुख झाले, आणि त्या समाजाने दार उघडे ठेवूनच उपासना केली. गुप्ततेने सभा मोडली म्हणून परमहंसांच्या त्या पहिल्या घासाला मी उणे लेखत नाही. त्या घासाइतकी अर्थपूर्ण दीक्षा आपल्या विद्यार्थ्यांच्या इतिहासात दुसरी कोणती झाली असेल असे मला वाटत नाही.

आजच्या महाविद्यालयात मात्र दीक्षेचे जे विकृत रूप शिरले, त्याला पायबंद घालण्यास कायद्याची गरज पडली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम केला. त्यानुसार रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातून काढून टाकावयाचे असते, आणि पुढली पाच वर्षे त्याला अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी विनियम लागू केले, तेव्हापासून विद्यार्थी आणि पालक या दोघांकडूनही हमीपत्र लिहून घेतले जाते, आणि १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक तक्रारीसाठी चालतो. प्रवेशाच्या गर्दीत इतर दहा कागदांबरोबर सही होऊन जाणारे हे हमीपत्र घरी बसून एकदा मुलाबरोबर वाचावे, अशी माझी पालकांना कळकळीची विनंती आहे. वस्तीतल्या मंडळाला किंवा लोकलमधल्या ग्रुपला हे विनियम थेट लागू होत नाहीत, तेथे सामान्य फौजदारी कायदाच असतो. म्हणून त्या दारांशी अधिक सावध राहिले पाहिजे.

विद्यार्थी संघटनांविषयी थोडक्यात सांगतो. १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाने महाराष्ट्रातील महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका थांबल्या, प्रतिनिधी गुणवत्तेवरून नेमले जाऊ लागले. २०१६ च्या अधिनियमाने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. राजकारणात रस घेणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. परंतु अडलेले काम करून दिल्याच्या उपकारापोटी जो मोर्चात जातो, तो मताने गेलेला नसतो, एवढा भेद त्याने स्वतःशी स्पष्ट ठेवावा.

राष्ट्रीय सेवा योजनेचा विचार जरा विस्ताराने करावासा वाटतो, कारण कॅम्प पाचच्या मुलाला विनामूल्य आणि उघड्या दाराने मिळणारे सर्वांत मोठे मंडळ तेच आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात राहावयाचे, ही तिची अट. पुष्कळ मुले प्रथम येतात ती परीक्षेत मिळणाऱ्या वाढीव गुणांच्या आशेने, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही; शिबिराच्या तिसऱ्या दिवशी गुणांचा विषय कोणी काढत नाही. हिवाळ्यात मुरबाड-कर्जतकडील एखाद्या गावी शाळेच्या खोल्यांत मुक्काम असतो, पहाटे प्रभातफेरी, मग न्याहारी, आणि मग ओढ्यावर श्रमदान. वनराई बंधारा घालावयाचा असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने पाऊण भरतात, अधिक भरल्या तर त्या नीट बसत नाहीत. तोंडे सुतळीने शिवतात. मग पात्रापर्यंत मुलांची रांग लागते आणि गोणी हातोहात पुढे जाते. पात्रात उभा असलेला गावातला अनुभवी माणूस ती वीटकामासारखी सांधेमोड करून रचून घेतो, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ देत नाही, आणि फटींत चिखल दाबायला लावतो. रांगेत तुमच्या डावीकडचा कोणत्या कॅम्पचा, उजवीकडचा कोणत्या जातीचा, हे विचारण्यास सवड नसते. त्याने गोणी वेळेवर पकडली की नाही एवढेच कळते. दुपारपर्यंत मागे पाणी साचू लागलेले दिसते. हे श्रम दाराशी मागितले जातात आणि आतही तेच श्रम असतात. पहिल्या वर्षाच्या मुलाने उचललेली गोणी दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या गोणीइतकीच जड असते.

एकांकिकेच्या मंडळात ही कसोटी अधिक नाजूक होते. पुण्यात पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, मुंबईत आयएनटीसारख्या स्पर्धांनी आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवाने कित्येक नटांना घडवले, आणि या सर्व ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलाला बहुधा बॅकस्टेजलाच उभे करतात. लेव्हल उचलणे, सामानाची यादी सांभाळणे, अंधारात पंधरा सेकंदांत खुर्ची बदलणे, हे काम मी कमी प्रतीचे मानीत नाही. नाटक कशाकशाने उभे राहते ते विंगेत उभे राहिल्यावाचून समजत नाही. परंतु तेच मूल रोज केवळ चहा आणावयास पळू लागले, ज्येष्ठांच्या वह्या उतरवू लागले, आणि तालीम पाहण्यासही त्याला बसू देईनासे झाले, म्हणजे मागणीचा नाटकाशी संबंध सुटला असे समजावे. अशा वेळी त्याने ‘उद्यापासून येणार नाही’ असे म्हणून पाहावे. जे मंडळ यावर कारण विचारते आणि जाऊ देते, तेथे परत जाण्यास हरकत नाही. जे धमकी देते, वाळीत टाकते किंवा भरलेल्या पैशांचा धाक घालते, त्याचे दार बाहेरून दिसते तसे नाही. पैशांचेही तसेच. ज्या घरात मुलगा कॉलेज सुटल्यावर जीन्सच्या कारखान्यात धागे कापून स्वतःची फी भरतो, तेथे पथकाचा झब्बा, ढोलाची अनामत आणि सहलीची वर्गणी मिळून महिन्याची कमाई जाऊ शकते. वर्गणी किती, कशासाठी आणि पावती मिळते का, हे तीन प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही, आणि चांगल्या मंडळाचा खजिनदार ते विचारले गेल्याने सुखावतो.

मुलींचा प्रश्न या साऱ्यांहून निराळा आहे, आणि तो अद्याप सुटलेला नाही. अमेरिकेत मुलांच्या मंडळांनी दार बंद ठेवले म्हणून १८७० च्या आगेमागे विद्यार्थिनींनी स्वतःची मंडळे काढली; आपल्याकडे मुलींना दार कोणी बंद करीत नाही, परंतु तालीम रात्री साडेआठ-नऊला संपते, आणि तेथून रुळांचा पूल ओलांडून शेअर रिक्षाने कॅम्प पाचमधल्या गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत जो अर्धापाऊण तास जातो, त्यापायी दुसऱ्याच आठवड्यात घरून मनाई होते. मुलीच्या अंगी अभिनय असतो, हौस असते, वडिलांची ना नसते. आड येतो तो घड्याळाचा काटा. यावर ज्या मंडळांनी तोड काढली आहे, त्यांची रीत साधी आहे. तालमींचे वेळापत्रक लावण्यास बसतात तेव्हा दिग्दर्शकाची सोय विचारण्यापूर्वी प्रत्येक मुलीला घरी पोहोचण्याची शेवटची वेळ विचारून घेतात, तिचे प्रवेश दुपारच्या सत्रात बसवतात, पाच नंबरकडे जाणाऱ्या मुली एकाच रिक्षात निघतील अशी वाटणी करतात, आणि प्रभारी प्राध्यापकांचा नंबर पहिल्याच दिवशी आईवडिलांच्या हाती देतात.